पिशवीचं ऑपरेशन आणि रात्रीची गोळी



भाद्रपदात एकासन्याच्या स्वयंपाकावर लिहिलं, त्यानंतर इथे काहीच लिहिलं नाही. काही जणींनी फोन करून विचारलं, काहींना कारण कळलंच होतं. माघ महिन्यात माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. आता दोन महिने होऊन गेले, मी बरी आहे, देवळात जाते, पोळ्या करते. आज त्यातल्या एकाच गोष्टीवर लिहायचंय, ती म्हणजे दुखणं. ऑपरेशन करावं की नाही यावर सगळ्या बोलतात. त्यानंतर जे दुखणार, त्याचं काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. बाईच्या जातीला दुखायचंच, असं धरूनच चालतात.

आधी थोडक्यात. वय ४६. तीन वर्षं अंगावर जात होतं. गाठी होत्या, हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. गोळ्या झाल्या, हार्मोनची उपकरणी बसवून झाली, ती टिकली नाही. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून एकच सांगितलं, तेव्हा मी हो म्हटलं. अंडाशयं चांगली होती, ती ठेवायची ठरली. आधी सलाईनमधून लोह देऊन रक्त वाढवलं. तारीख घरच्यांनी दोन गोष्टी पाहून ठरवली. अष्टमी-चतुर्दशी नको, आणि आश्रमाची विवेकानंद जयंती होऊन जाऊ दे. हिवरा आश्रमात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पौषातल्या त्या तिथीला गावात लाखो माणूस येतं, पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून पंगतीत वाढला जातो, आणि आमच्यासारख्यांच्या घरी पाहुण्यांची रांग असते. (आम्ही वांगं खात नाही, पण पंगतीची तयारी बघायला मी दरवर्षी जाते.) पाहुणे गेले, अंथरुणं धुऊन झाली, आणि मग आम्ही अकोल्याला गेलो.

खरा प्रश्न घरातच उभा राहिला. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या, पक्क्या व्रती. त्यांनी चार बाळंतपणं घरी काढली. त्या म्हणाल्या, "गोळ्या काहून घेतं एवढ्या? सहन केलं तं कर्म झडते. असातावेदनीय उदयाले आलं, भोगून मोकळं व्हावं." त्या रागावून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटतं, आणि मलाही लहानपणापासून तेच शिकवलेलं. परीषह सहन करणं मोठी गोष्ट आहे, हे मी आजही मानते.

पण डोळ्यांसमोर आमच्या थोरल्या नणंदबाई होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन झालं. त्यांनी तिसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या, कारण रात्रीची गोळी घ्यायची नाही आणि दिवसाही "उगाच कशाला". दुखायचं म्हणून त्या पलंगावरून उठत नव्हत्या, खोकला आला की दाबून धरायच्या, श्वास वरवर घ्यायच्या. आठव्या दिवशी ताप, छातीत कफ, पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं वाक्य मला पाठ आहे: पोटाच्या ऑपरेशननंतर दुखणं आवरायचं ते आरामासाठी नव्हे, माणसानं खोल श्वास घ्यावा, खोकावं आणि चालावं म्हणून. पडून राहिलं की छातीत कफ साचतो आणि पायाच्या नसांत रक्ताची गाठ व्हायची भीती वाढते.

आणि नणंदबाईंनी एकदा मला हळूच सांगितलं होतं, ते मी विसरले नाही. "त्या आठ दिवसांत एक णमोकार नीट झाला नाही गं. सगळं लक्ष पोटात."

मग मी तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय पुन्हा काढला. बावीस परीषह तिथेच आहेत, त्यात रोगही आहे. पण त्याच अध्यायात पुढे ध्यानाचे प्रकार येतात, आणि आर्तध्यानाच्या चार प्रकारांत एक आहे वेदनेचं. दुखतंय, कधी थांबेल, हेच सतत मनात घोळणं. म्हणजे दुखणं सोसत पडलेली बाई आपोआप निर्जरा करते असं नाही, ती दुखण्याचंच चिंतन करत असेल तर नवं कर्म बांधते. समता ठेवून सोसता आलं तर ती तपस्या. मला ते येतं का? खरं सांगायचं तर मला दाढ दुखली तरी घरातल्यांना चार दिवस त्रास होतो.

दुसरं, परीषह सांगितलेत ते मुनींच्या मार्गात. आपण श्रावक-श्राविका. आणि आपल्या चार दानांत आहार, शास्त्र, अभय यांच्याबरोबर औषध आहे. औषध देणं पुण्य असेल तर कुणीतरी ते घ्यायला हवंच ना! मुनींचंसुद्धा बघा. समंतभद्राचार्यांना भस्मक व्याधी झाली, तेव्हा त्यांनी गुरूंकडे समाधिमरण मागितलं. गुरूंनी नाही म्हटलं, आधी रोग बरा कर म्हणाले. त्यासाठी त्यांना मुनिवेश बाजूला ठेवावा लागला, पुढे प्रायश्चित्त घेऊन ते परत आले. सासूबाईंना ही कथा माझ्यापेक्षा चांगली येते. मी फक्त आठवण करून दिली. त्या गप्प बसल्या. पटलं असं म्हणाल्या नाहीत.

आता दवाखान्यातलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी भूलतज्ज्ञ बाईंना वेगळं भेटायचं म्हणून हट्ट धरला. मैत्रिणींनो, हे जरूर करा. सर्जनशी आपण तासभर बोलतो आणि भूल देणारीचं तोंड थेट टेबलावर बघतो. मी वही घेऊन गेले होते. त्यांनी पाऊण तास दिला.

आधी कळलं की ऑपरेशन कुठून होणार यावर दुखणं अवलंबून असतं. खालून, म्हणजे योनिमार्गे झालं तर पोटावर टाकाच नाही, दुखणं सगळ्यात कमी. ते शक्य नसेल तर दुर्बिणीतून. दुर्बिणीत पोटात गॅस भरतात, त्यानं दोन-तीन दिवस खांदा दुखतो. (पोटाचं ऑपरेशन आणि खांदा दुखतो म्हणून बाया घाबरतात, तो गॅसचा असतो, जातो.) माझी पिशवी गाठींनी मोठी झालेली, आधीची दोन सिझेरियन, म्हणून पोटावर छेद घेऊनच करावं लागणार होतं.

मग भूल. पूर्ण झोपवून किंवा कमरेतून. कमरेच्या इंजेक्शनानं जन्माची कंबर धरते, असं आपल्याकडे प्रत्येक बाई सांगते. मी दोन्ही सिझेरियनला ते घेतलेलं, माझी कंबर धरली नाही. बाईंनी सांगितलं की टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण कायमच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध दिसून आलेला नाही. बाळंतपणानं आणि हंडे उचलून कंबर जाते, नाव इंजेक्शनाचं होतं. डोकं दुखू शकतं, ते आता सुया बारीक असल्यानं कमी झालंय.

मी आणखी एक प्रश्न विचारला आणि त्यांना तो आवडला. कशात काय असतं? पूर्ण झोपवताना बहुधा वापरतात ते पांढरं, दुधासारखं औषध, प्रोपोफोल. त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या बलकातून काढलेला एक घटक असतो. हे मला माहीत नव्हतं. कमरेतून भूल घेतली तर त्याची बहुधा गरज पडत नाही, आणि गुंगी हवीच असेल तर दुसरं औषध आहे. हे एक कारण मला पुरेसं होतं. पण मी त्यांना हेही सांगून ठेवलं की मध्येच जिवावर बेतलं तर मला न विचारता जे लागेल ते द्या. आपला धर्म जीव वाचवायच्या आड येत नाही. घरी आल्यावर ह्यांनाही तेच सांगितलं, म्हणजे दाराबाहेर वाद नको.

तसंच टाक्यांचं. पूर्वी कॅटगट असायचं, शेळी-मेंढीच्या आतड्याचं. आता विरघळणारे कृत्रिम धागे सर्रास मिळतात, नुसतं सांगावं लागतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून त्याऐवजी साधी गोळी लिहून घ्यावी. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. त्याला फोंडापॅरिनक्स नावाचा कृत्रिम पर्याय आहे, तो प्रत्येकीला चालतोच असं नाही. मला लवकर चालवलं, पायांत घट्ट मोजे घातले, इंजेक्शन लागलं नाही. तुम्हाला लागणार असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा, नाही म्हणून बसू नका.

आता ऑपरेशननंतरच्या दुखण्याचं. एक मोठी जालीम गोळी देऊन दुखणं थांबवतात असं मला वाटत होतं. तसं नसतं. दोन-तीन साधी औषधं ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी देतात, म्हणजे जालीम औषध कमी लागतं. ऑपरेशन संपताना पोटाच्या भिंतीतल्या नसांजवळ सोनोग्राफीत बघून बधिरतेचं इंजेक्शन देता येतं, छेदाची जागा काही तास शांत राहते. कमरेच्या इंजेक्शनात मॉर्फिनचा अगदी छोटा अंश घातला तर दिवसभर आराम पडतो, पण खाज येते, मळमळतं आणि रात्रभर श्वासावर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. जिथे तशी सोय असते तिथेच देतात. मॉर्फिनचा साठा ठेवायलाही दवाखान्याला १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली परवानगी लागते. २०१४ मध्ये रुग्णांसाठी तो कायदा सैल केला, तरी लहान गावांत ते औषध सहज सापडत नाही. मी पोटाच्या नसांचं इंजेक्शन निवडलं.

त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक. ट्रामाडॉल फक्त सोसवेना तेव्हा. ट्रामाडॉलनं मळमळतं, गरगरतं आणि मुख्य म्हणजे पोट साफ होत नाही, आणि टाके असताना कुंथायला लागणं म्हणजे काय ते मी लिहित नाही. डायक्लोफिनॅक ज्यांना पित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा आहे त्यांनी आधी सांगायचं. पॅरासिटामॉल निरुपद्रवी वाटतं, पण मोठ्या माणसानं दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, अंगानं बारीक असेल तर त्याहून कमी. क्रोसिन, डोलो ही नावं वेगळी, आत तेच. आणि अल्ट्रासेटमध्ये ट्रामाडॉलबरोबर तेही असतंच. एकीकडून डोलो, दुसरीकडून अल्ट्रासेट असं चालू असलं की मोजणी चुकते. मी पाकिटांवरची नावं मुलीला वहीत उतरवायला लावली.

आणि रात्र. माझा रात्रिभोजनाचा त्याग आहे, पाण्यासकट. नियम घेताना औषधाची सूट ठेवली होती का, हे आधी आठवा. पुष्कळ जणी ठेवतात आणि विसरतात. मी ठेवलेली नव्हती. भूलतज्ज्ञ बाई जैन नव्हत्या, पण त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. म्हणाल्या, तोंडानं घ्यायचं नाही एवढंच ना? दवाखान्यात दोन रात्री पॅरासिटामॉल सलाईनमधून दिलं. घरी आल्यावर पॅरासिटामॉल सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला गोळीनं. डायक्लोफिनॅक सकाळी जेवणानंतर एक, आणि झोपताना त्याचीच सपोझिटरी, म्हणजे मागच्या वाटेनं ठेवायची मेणाची गोळी. लाजू नका, लहान मुलांना तापात देतोच की आपण! पहाटे चारपर्यंत मी त्यावर निजले. नियमही राहिला, झोपही झाली. ही वाट आहे हे नणंदबाईंना कुणी सांगितलं असतं तर!

उपाशी राहण्याचंही असंच. अन्न सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपली पद्धत सूर्यास्तापासून तोंड बंद. दुपारपर्यंत तसंच राहिलं तर अठरा तास कोरडं पडतं. माझी वेळ अकराची होती. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्यावर, आठच्या सुमारास, गाळून उकळलेलं पाणी ग्लासभर घेतलं. बाईंनी नऊपर्यंत चालेल म्हटलेलं.

टेबलावर मी जागी होते. गुंगी हवी का विचारलं, मी नको म्हटलं. ओढल्यासारखं, हलवल्यासारखं कळतं, दुखत नाही. मनात णमोकार चालू होता. तेव्हा मला एका बाईची गोष्ट आठवत होती, मुलीनं कुठूनतरी वाचून दाखवलेली. अमेरिकेत केंटकीमध्ये १८०९ साली जेन क्रॉफर्ड नावाच्या बाईच्या पोटातली दहा किलोंची गाठ मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरनं काढली. भुलीचा शोधच लागला नव्हता, ईथर यायला अजून ३७ वर्षं होती. ती घोड्यावर बसून साठ मैल आली होती, आणि पोट फाडत असताना बायबलातली स्तोत्रं म्हणत राहिली. जगली, ७८ वर्षांची होऊन गेली. तिच्याकडे स्तोत्रांशिवाय काही नव्हतं. माझ्याकडे णमोकार होता आणि कमरेतली सुईसुद्धा होती.

आमच्याकडे शेंगा निवडायला एक जण येते. मी परत आल्यावर ती भेटायला आली आणि माझ्या उशाची औषधांची पिशवी बघत बसली. तिची पिशवी २८ व्या वर्षी काढलेली. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. कोयत्यात एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जायचे, पाळीचे दिवस म्हणजे खाडाच. कुणीतरी सांगितलं, काढून टाक, कटकट नको. २०१९ मध्ये बीडचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आपण सगळ्यांनी वाचलं होतं. सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. वाचून चुकचुकलो आणि पान उलटलं. मी तिला विचारलं, तुला दुखण्यावर काय दिलं होतं? ती म्हणाली, "पाच दिवसाच्या गोळ्या होत्या बाई. महिन्यानं मोळ्या उचलल्या." माझ्या वहीत कशात अंड्याचा अंश आहे, रात्रीची गोळी कुठून घ्यायची, एवढं सगळं लिहिलेलं. तिला यातला एकही प्रश्न विचारायची सवड मिळाली नव्हती. तिला आता कंबरदुखी आहे, घामाच्या लाटा येतात. पुढच्या आठवड्यात मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहे, तिनं दोनदा नको म्हटलंय तरी.

घरी आल्यावरचं थोडं. अकोल्याहून गाडीत बसण्याआधी तासभर गोळी घ्या. आमच्या रस्त्यांवरचा प्रत्येक गतिरोधक टाक्यात कळतो. मांडीवर उशी ठेवा, खोकला, शिंक, हसू आलं की ती पोटाशी दाबायची. पहिले तीन दिवस दुखलं की गोळी असं नाही, वेळ झाली की गोळी. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं. चौथ्या दिवसापासून मी दुपारची सोडली, सहाव्या दिवशी सपोझिटरी, नवव्या दिवशी सगळं बंद. ट्रामाडॉल दोनच लागल्या. रोज सकाळी कोमट पाण्यात इसबगोल. मुगाची मऊ खिचडी, दुधीची भाजी, सुंठीचं पाणी. वेदना कमी होण्याऐवजी वाढायला लागली, ताप आला, पोटरी सुजली किंवा वासाचा स्राव आला तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टरला फोन करायचा. वजन उचलायचं नाही सहा आठवडे, म्हणजे पाण्याचा हंडासुद्धा नाही. पाणी गाळायचं काम मुलीनं घेतलं. पहिले दोन दिवस गाळणं उलटं धरत होती, जीवाणी कुठे सोडायची ते विचारत होती. एकोणीस वर्षांची झाली तरी कधी शिकवलंच नव्हतं. आता येतं तिला.

आठव्या दिवशी खुर्चीवर बसून सामायिक केलं, पूर्ण ४८ मिनिटं. मन किती वेळ पोटात गेलं? गेलं तीन-चारदा. परत आलं.

आणि सासूबाई. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी पडले होते. त्या दारातून बाहेर मावळतीकडे बघून आल्या. हातात गाळलेल्या पाण्याचा पेला आणि गोळी. "दिवस बुडायले आला वं, घेऊन घे लवकर." मी घेतली. त्यांनी पेला खाली ठेवला नाही, हातातच धरून विचारलं, "माह्या गुडघ्यालेबी आहे का अशी एखादी?"

पुढच्या महिन्यात त्यांना दाखवायला नेतोय. वही तीच आहे, मागच्या पानापासून सुरू केली आहे.